न उचललेला धागा

सोलापुरात पूर्व भागातल्या गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट कानात बसतो. चादरीच्या मागावर वर जेकार्ड, म्हणजे नक्षी पाडणारं यंत्र, असतं आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो, धोटा त्याच्यावरून निघून जातो. माग तोच, सूत तेच. माळ बदलली की मोराच्या जागी फुलं. नक्षी नेमके कोणते धागे काढतात, असं एका अण्णांना विचारलं. "उचललेले बी आणि न उचललेले बी. नुसते उचललेले बघून कसं चालंल?"

मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींबद्दल वाचताना हे वाक्य सारखं आठवतं. १९१९ मध्ये स्पेनच्या पियो देल रिओ-ओर्तेगा यांनी या पेशींना हे नाव दिलं. मेंदूच्या राखणदार पेशी, पण मूळच्या मेंदूतल्या नव्हेत. गर्भाच्या सुरुवातीच्या काळात पीतक पिशवीतून, म्हणजे गर्भाला जोडलेल्या योक सॅकमधून येतात आणि तिथल्याच होऊन जातात. तेलंगणातून आलेले आमचे पद्मशाली विणकर सोलापूरचे झाले, तसंच.

जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं असतात. त्यातल्या कुठल्या जनुकांच्या आरएनए नकला, म्हणजे प्रथिन बनवायच्या सूचनांच्या प्रती, निघतात, यावर पेशीचं वागणं ठरतं. जिवाणूची चाहूल लागली की मायक्रोग्लियात एनएफ-कॅपा-बी नावाचं, जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं. ते नव्याने बनवावं लागत नाही. आधीच तयार असतं, फक्त अडवून ठेवलेलं. म्हणून काही तासांतच टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा या दाह वाढवणाऱ्या रेणूंच्या नकलांचा पूर येतो. तापात चादर ओढून पडावंसं वाटतं, शेंगा चटणीसुद्धा नकोशी होते, त्यात याच रेणूंचा हात असतो.

मला जास्त गंमत वाटते ती गप्प होणाऱ्या जनुकांची. पी२आरवाय१२ हे जनुक पेशीला जणू नाक देतं: शेजारची पेशी फुटून एडीपी हे रसायन सांडलं की ते ओळखायचं आणि तिकडे फांद्या लांबवायच्या. पेशी सक्रिय झाली की हेच जनुक मंदावतं. २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांच्या पेशींतल्या नकला एकेक पेशी घेऊन वाचल्या. चिकट प्रथिनाच्या गोळ्यांभोवती जमलेल्या मायक्रोग्लियात पी२आरवाय१२ आणि शांत मायक्रोग्लियाची खूण असलेलं टीएमईएम११९ उतरलेले, एपोई हे जनुक चढलेलं. हा बदल दोन टप्प्यांत होतो आणि दुसऱ्याला ट्रेम२ हे जनुक लागतं. माणसात ट्रेम२चा एक दुर्मीळ प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, हे २०१३ पासून माहीत होतं. त्याचा धागा इथे जुळला.

पूर्वी सक्रिय मायक्रोग्लियाची एम१ म्हणजे मारकुट्या, एम२ म्हणजे सोज्वळ, अशी सरळ वाटणी असे. ती आता मोडीत निघाली आहे, आणि बरंच झालं. अख्ख्या चादरीला दोनच नक्ष्या कशा पुरतील?

एक अडचण मात्र मोठी खट्याळ आहे. पेशी मोकळ्या करायला ऊतक ३७ अंशांवर पेशींमधले दुवे तोडणाऱ्या विकरांत (एन्झाइममध्ये) ठेवतात, आणि तेवढ्यानेच मायक्रोग्लिया बिथरतात. मग दिसणारा गोंधळ आजाराचा की आपल्याच हाताळणीचा? म्हणून ऊतक काढल्याबरोबर नकला काढणं थांबवणारी रसायनं घालतात किंवा सगळं काम थंडगार ठेवून उरकतात. शेडमध्येही कार्ड कितव्या नंबरावर आहे ते बघायचं तर आधी माग बंदच करतात.