ताठरता स्नायू आवळल्याने येते? उलट आहे

वर्षानुवर्षे फिरणारा समज असा: लिंगातला स्नायू जोर लावून आवळला की ताठरता येते, म्हणून तेल चोळून तो ‘मजबूत’ करावा.

प्रत्यक्षात आतला गुळगुळीत स्नायू (जो आपल्या इच्छेने हलत नाही) एरवी आवळलेलाच असतो. नॉरअॅड्रेनलिन हे ताणाच्या वेळी वाढणारे रसायन आणि एंडोथेलिन-1 हे पेप्टाइड (छोटे प्रथिन) त्याला तसे ठेवतात; घाबरल्यावर ताठरता जाते ती नॉरअॅड्रेनलिनमुळेच. उत्तेजनेत मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पेशीत सीजीएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, कॅल्शियम उतरते, स्नायू सैलावतो. रक्त आत भरते आणि फुगलेल्या उतीखाली शिरा दाबल्या गेल्याने तिथेच अडकते. मज्जातंतूंतलेच व्हीआयपी हे पेप्टाइड सीएएमपी या तशाच दुसऱ्या रेणूमार्फत हेच काम करते, पण दुय्यम. ते नुसते टोचले तर पुरेशी ताठरता सहसा येत नाही, नॉरअॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारे फेंटोलामाइन हे औषध जोडावे लागते. (मुळाशी असलेले ऐच्छिक स्नायू शेवटी थोडा कडकपणा वाढवतात, इतकेच.)

पडताळा औषधांत मिळतो. लिंगातला रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉपलर तपासणीत टोचतात ते पापाव्हेरिन स्नायू सैलावते, आणि ताठरता येते. चार तासांनंतरही न उतरणाऱ्या, दुखऱ्या ताठरतेवर फेनिलेफ्रिन देतात. ते स्नायू आवळते, आणि ताठरता उतरते. कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात दोन्हींची नोंद सापडेल. तेल त्वचेवरच राहते. तक्रार टिकली तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा.