डिफरेन्शियलचं नाक वर का उचलतं? मागच्या ब्रेसची निवड आणि जोडणी

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा लंबगोल हायस्पीड ट्रॅक आहे. जून २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्या ट्रॅकवर ताशी २०० किलोमीटरने एकसारखी धावणारी मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या, आणि तीच गाडी इंदूरच्या विजयनगर चौकात सिग्नल सुटताच क्लच झटक्यात सोडून निघालेली घ्या. मागच्या डिफरेन्शियलचे (इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) बुश, म्हणजे ती पेटी टांगून ठेवणारे रबरी आधार, जास्त कुठे ताणले जातील? चौकात, आणि तेही चार-पाच पट.

हिशेब असा. २०० च्या वेगाला मध्यम आकाराच्या सेडानला हवेचा आणि टायरचा मिळून साधारण १,४०० न्यूटन विरोध होतो. टायरची त्रिज्या ०.३२ मीटर धरली तर मागच्या अॅक्सलवर ४५० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. उभ्या गाडीतून जोरात निघताना मर्यादा इंजिनाची नसते, टायरच्या पकडीची असते. मागच्या चाकांवर ८०० किलो भार आणि घर्षणांक ०.९ धरा, टायर घसरायच्या आधी रस्त्याला ७,००० न्यूटन बल लावू शकतात, म्हणजे अॅक्सलवर सव्वादोन हजार न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन (डिफरेन्शियलमधलं मोठं आणि छोटं दातेरी चाक) मिळून टॉर्क बारा-चौदा पट वाढवतात, त्यामुळे साध्या इंजिनालाही एवढं सहज जमतं.

आता न्यूटनचा तिसरा नियम. चाकांना पुढे फिरवणारा टॉर्क डिफरेन्शियलच्या केसिंगला (बाहेरच्या कवचाला) तेवढ्याच जोराने उलट फिरवू पाहतो. पिनियन क्राऊनच्या दातांवर चढायला जातो आणि केसिंगचं पुढचं टोक, ज्याला नाक म्हणतात, वर उचलतं. पुढच्या आणि मागच्या माउंटिंगमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर असेल तर पुढचा बुश साडेसहाशे किलोच्या जोराने वर ओढला जातो आणि मागचे तेवढ्याच जोराने खाली दाबले जातात. महूहून मंडलेश्वरकडे जाम घाट उतरताना इंजिन ब्रेकिंग केलं की दिशा उलटते आणि नाक खाली जातं. घाटात प्रत्येक वेळी पाय अॅक्सिलरेटरवर पडला-उचलला की रबर एकदा इकडे, एकदा तिकडे.

रबर तिथे उगीच नाही. क्राऊन-पिनियनच्या दातांची गुणगुण सबफ्रेममार्गे (सस्पेन्शन आणि डिफरेन्शियल धरणाऱ्या चौकटीमार्गे) बॉडीत शिरू नये म्हणून कंपनीने ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. पण जोरात निघताना हेच रबर पीळ साठवतं, टायर घसरला की सोडतं, टायरने पुन्हा पकड घेतली की परत साठवतं. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे घडलं की मागची चाकं जागच्या जागी उड्या मारतात. याला व्हील हॉप म्हणतात, आणि अॅक्सल शाफ्ट तुटतात ते बहुधा याच धक्क्यांनी. ब्रेस म्हणजे केसिंगला बाहेरून आधार देणारी धातूची पट्टी किंवा नळी. त्याचं काम एवढंच: नाकाची ही हालचाल कमी करणं.

पैसे खर्च करण्याआधी गाडीखाली वाकून बघा. स्विफ्ट, क्रेटासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागे डिफरेन्शियलच नसतं. स्कॉर्पिओ, थार, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, ईको यांना असतं, पण ते सलग हाउसिंगमध्ये बसलेलं असतं. तिथे केसिंगला वेगळं माउंटिंग नाही; सगळा पीळ लिंक किंवा पाटे घेतात. बोलेरो किंवा जिप्सीचे पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वळत असतील तर लागतो तो अॅक्सलचा पीळ रोखणारा ट्रॅक्शन बार, डिफरेन्शियल ब्रेस नव्हे. हा लेख आहे तो स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनच्या गाड्यांसाठी: बीएमडब्ल्यू ३ सिरीज, मर्सिडीज सी-क्लास, मस्टँग आणि त्यांच्या जातीच्या. यांत डिफरेन्शियल सबफ्रेमला टांगलेलं असतं.

यानंतरचा प्रश्न: मागून येणारा ‘खट्’ खरंच केसिंग हलल्याचा आहे का? गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरेन्शियलला येणारा दांडा) हाताने मागे-पुढे फिरवा. शाफ्ट फिरतोय पण केसिंग जागचं हलत नाही, तर तो प्ले (ढिलेपणा) आतला आहे: दातांचा, स्प्लाइनचा (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचा) किंवा जॉइंटचा. थोडा प्ले हवाच. क्राऊनच्या दाताशी तो मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग असतो आणि हाताला त्याहून पुष्कळ मोठा वाटतो, तेव्हा लगेच घाबरू नका. मग केसिंग आणि सबफ्रेमच्या मध्ये टॉमी (छोटी लोखंडी पहार) घालून हलका जोर द्या. रबराला फट दिसली, आतली नळी एका बाजूला बसलेली दिसली, किंवा तेल भरलेल्या बुशमधून काळपट ओघळ आलेला असला, तर बुश संपलाय. वेगासोबत चढत जाणारी गुणगुण मात्र बेअरिंगची किंवा दातांची असते. ब्रेस लावल्यावर ती कमी होत नाही, वाढते.

बुश संपला असेल तर आधी कंपनीचाच नवा बुश टाका आणि गाडी चालवून बघा. रोज इंदुरात पलासिया ते राऊ जाणाऱ्या माणसाचं काम बहुतेक वेळा तिथेच भागतं, हे आमचं स्पष्ट मत आहे. त्यानंतरची पायरी पॉलियुरेथेनच्या इन्सर्टची: मूळ बुशच्या पोकळ्यांत बसतात, स्वस्त असतात, उलटवता येतात. त्यापुढे पूर्ण पॉलियुरेथेन बुश. मूळ रबर कडकपणाच्या शोअर ‘ए’ मोजपट्टीवर ५०-६० च्या आसपास, पॉलियुरेथेन ८० ते ९५. यांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस शेजारच्या नैसर्गिक रबराला फुगवतं, आणि कोरडं बसवलं तर पॉलियुरेथेन चूंचूं करतं. एवढं करूनही नाक हलत असेल, टायर चिकट असतील किंवा इंजिन ट्यून केलेलं असेल, तर ब्रेसचा विचार करावा.

ब्रेस निवडताना त्याचा रंग पाहू नका, त्याची दोन टोकं पाहा. एक टोक केसिंगला असतंच. दुसरं सबफ्रेमला जात असेल तर ठीक. सरळ बॉडीला जात असेल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी नको, कारण मग सबफ्रेमचे बुशही वगळले जातात आणि आवाजाबरोबर बलही पातळ पत्र्यात उतरतं. साडेसहाशे किलो कुठे नाहीसे होत नाहीत. ब्रेस त्यांची वाट बदलतो आणि त्या वाटेवरचा सगळ्यात कच्चा भाग पुढे फुटतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीत सबफ्रेम जिथे बॉडीला बसतो तिथल्या फ्लोअरच्या पत्र्याला भेगा पडतात, हे जगभर माहीत आहे. अशा गाडीला आधी पत्र्याची मजबुती करायची, ब्रेस नंतर.

दुसरी गोष्ट आकाराची. सरळ नळी ताण-दाब घेते तेव्हा ताठ असते. तिलाच कोपर दिलं की ती वाकायला लागते. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, म्हणून ३ मिलिमीटरच्या चकचकीत प्लेटपेक्षा ६ ची साधी प्लेट कितीतरी बरी. अॅल्युमिनियम ताठपणात पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश, तेव्हा तितक्याच जाडीचा अॅल्युमिनियम ब्रेस शोभेचाच. लोहामंडीतून प्लेट आणून स्थानिक फॅब्रिकेटरकडून ब्रेस करून घेणारेही आहेत. करता येतो, पण भोकं लेझरने कापून घ्या, गॅसने नव्हे. तिसरं म्हणजे जागा: फिलर आणि ड्रेन प्लग झाकले जाऊ नयेत, एक्झॉस्टपासून निदान १५ मिलिमीटर मोकळीक हवी, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल घासू नये. आणि गाडीला कायमचं वेल्डिंग वा कापाकापी करायला सांगणारा ब्रेस शक्यतो टाळा. त्यात वॉरंटी जातेच, शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालतं.

जोडणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो बोल्टच्या लांबीत, म्हणून इथे जरा थांबू. समजा, ६ मिलिमीटरचा ब्रेस मूळ बोल्टखाली बसणार आहे. जुनाच बोल्ट वापरला तर तो भोकात ६ मिलिमीटर कमी शिरेल. केसिंग अॅल्युमिनियमचं असतं आणि त्यात बोल्टच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आटे बसलेले हवेत. एम१० ला १५ ते २० मिलिमीटर. कमी पडले तर आटे भुशासारखे बाहेर येतात. उलट, खूप लांब बोल्ट घेतला तर तो बंद भोकाच्या तळाला टेकतो. टॉर्क रेंच इमानदारीत ‘टक्’ करतो, बोल्ट घट्ट वाटतो, आणि ब्रेस मात्र सैलच राहतो. तेव्हा भोक ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडं करा, व्हर्नियरच्या शेपटीने खोली मोजा, त्यातून २ मिलिमीटर वजा करा, ब्रेसची आणि वॉशरची जाडी मिळवा. तेवढ्या लांबीचा, मूळ बोल्टच्याच ग्रेडचा बोल्ट घ्या.

दुसरी चूक रंगाची. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन असतो. बोल्टखाली तो दबत जातो आणि काही दिवसांत बोल्टचा ताण उतरतो. बोल्टचं डोकं आणि केसिंग जिथे टेकतात तेवढा भाग सँडपेपरने धातूपर्यंत घासा आणि उघड्या कडेला नंतर गंजरोधक मारा.

बाकीचं काम सरळ आहे. एक्झॉस्ट गार होऊ द्या. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, मागून गाडी दोन घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. केसिंगखाली लाकडाची फळी ठेवून दुसरा जॅक फक्त टेकवा. मूळ बोल्ट एकेक काढा, सगळे एकदम नाही. ब्रेस मागच्या कव्हरच्या बोल्टवर बसणारा असेल तर सील हलणारच, म्हणून तेल बदलायचं धरूनच चला. अशा वेळी ड्रेनच्या आधी फिलर प्लग उघडून बघा; तो जाम निघाला आणि तेल आधीच सांडलं तर गाडी तिथेच अडकली. कव्हरला नवं सीलंट लावून पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. तेल मॅन्युअलमध्ये असेल तेच, बहुधा ७५डब्ल्यू-९० जीएल-५, लीटर-सव्वा लीटर, फिलरच्या काठाशी येईपर्यंत.

सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा. भोक १-२ मिलिमीटर जुळत नसेल तर बोल्टने ओढून जुळवू नका. तसं केलं तर केसिंग कायम तिरपं ताणलेलं राहतं, नाक सरकतं, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे कोन बिघडतात आणि ठरावीक वेगाला कंप सुरू होतो. ब्रेसचं भोक कानशीने मोठं करा. मग आधाराचा जॅक काढून केसिंग त्याच्या नैसर्गिक जागी बसू द्या, आणि त्यानंतरच शेवटची कसणी. निर्मात्याचा आकडा मिळत असेल तर तोच पाळा. नसेल तर पोलादात बसणाऱ्या ८.८ ग्रेडच्या एम१० बोल्टला साधारण ४५-५०, एम१२ ला ८०-८५ न्यूटन-मीटर चालतात. अॅल्युमिनियममध्ये मात्र गाडीच्या मॅन्युअलबाहेर जाऊ नका. आटे तेलकट नसतील तरच निळं थ्रेडलॉकर लावा. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रेसवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा.

शंभर किलोमीटरनंतर रेघा पाहा, पाचशेनंतर पुन्हा. रेघ तुटलेली दिसली तर नुसतं कसून सोडू नका. बोल्ट काढून आटे आणि टेकण्याची जागा तपासा. ब्रेसवर कुठे चकाकणारा घासलेला डाग दिसला तर तिथे एक्झॉस्ट किंवा सबफ्रेम लागतोय. ताशी ६० ते ८० च्या दरम्यान नवी गुणगुण आली आणि कुठेच काही घासत नसेल, तर ती आधीपासून दातांची होती, रबर ती अडवत होतं. सहन होत नसेल तर ब्रेस काढा, मूळ लांबीचे बोल्ट परत लावा आणि नव्या बुशवर गाडी चालवा.