टॉवर नाही, म्हणून जॅमही होत नाही?

२०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात इंटरनेटशिवाय फोन ते फोन निरोप पोचवणारं ‘फायरचॅट’ ॲप गाजलं आणि तेव्हापासून एक समज फिरतोय: थेट फोन ते फोन जोडलेलं जाळं कुणी बंद पाडूच शकत नाही.

यातलं अर्धंच खरं. इंटरनेट किंवा टॉवर बंद केला तरी असं जाळं चालतं. पण जॅमिंगला, म्हणजे मुद्दाम केलेल्या रेडिओ गोंगाटाला, टॉवरशी देणंघेणं नसतं, ते ऐकणाऱ्या फोनलाच बहिरं करतं. ढोल-ताशा पथकाला खेटून गप्पा मारून बघा, कळेल.

‘ब्लूटूथ तर सारखी फ्रिक्वेन्सी बदलतं!’ बदलतं की. क्लासिक प्रकारात ७९ चॅनल, सेकंदाला १६०० उड्या. पण अशी अनेक ॲप लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर चालतात. तिथे चॅनल ४०, तरी आसपास कोण आहे याचा पुकारा मुख्यतः तीनच चॅनलवर होतो: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वाय-फायची गर्दी टाळायला या जागा बऱ्या. मुद्दाम त्रास देणाऱ्याला मात्र आयतं गिऱ्हाईक. तेवढ्या तीन भरून टाकल्या की शेजारी सापडणंच मुश्कील.

मग उपाय काय? नुसती पॉवर वाढवली तर आपलेच फोन एकमेकांवर ओरडतात. त्यापेक्षा एका फोनपासून दुसऱ्यापर्यंतचे टप्पे छोटे ठेवावेत: जवळच्या फोनचा सिग्नल लांबच्या जॅमरला भारी पडू शकतो. आणि दोन घोळके एकाच फोनने जोडलेले असतील तर तो गेला की जाळ्याचे दोन तुकडे. पर्यायी वाट हवीच, पण त्याच गोंगाटातून जाणारी नको.