पार्श्वभूमी : कबड्डीतला ‘दम’ आणि पाहणाऱ्यांची बदललेली जागा

नाशिकच्या तालमी, जत्रांमधल्या कुस्त्या किंवा गोल्फ क्लब मैदानावरचे रणजी सामने यांविषयी वाचकांना वेगळे सांगायला नको. खेळ पाहण्याची गोडी कशी बदलली, याचा माग मात्र कबड्डीतून अधिक स्पष्ट लागतो. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या एका व्यायामसंस्थेने तिचे प्रात्यक्षिक दाखवले आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली. तरीही सातपूर किंवा नाशिकरोडला मातीच्या मैदानाला खेटून बसणाऱ्यांचे पाहणे त्याने फारसे बदलले नाही.

खरा गुंता आहे तो ‘दम’ या शब्दाचा. हुतूतूत दम म्हणजे एका श्वासात चाललेला उच्चार, आणि तोच चढाईचे घड्याळ. तो कुठे तुटला हे पंचाच्या कानावर सोपवलेले असे, पण रेषेलगत मांडी घालून बसलेल्यांनाही तो ऐकू येत असल्याने प्रत्येक जण पंच होई, आणि शिट्टी वाजली की हुज्जत ठरलेलीच. पुढे चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आली. उच्चार आजही बंधनकारक आहे, पण पाहणाऱ्याचे लक्ष पडद्यावर उलट्या धावणाऱ्या आकड्याकडे असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचे, हा नियम 2014 मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमुळे घरोघरी पोचला. आघाडीवरच्या संघाने रिकाम्या चढाया करून वेळ काढण्याची जुनी खोड त्यामुळे मोडली, हे मान्य करावे लागते. मात्र निकालाची जी धाकधूक पूर्वी सामन्याच्या ओघात आपोआप वाढे, ती आता नियमाने ठरावीक अंतराने पुरवली जाते, आणि प्रस्तुत लेखकाला हा बदल खेळाडूंपेक्षा कॅमेऱ्याच्या सोयीचा वाटतो.

मोबाइलने तर शेजारच्याचा सहवासही विस्कटला. मोबाइलवरचे प्रक्षेपण बहुधा टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे असते. त्यामुळे रविवार कारंजावरच्या एखाद्या टपरीत बरणीला टेकवलेल्या मोबाइलवर चढाईपटू अजून मध्यरेषेवरच असतो, आणि वरच्या मजल्यावरून पकड झाल्याचा जल्लोष आधीच खाली आलेला असतो.