कुत्र्याला आपला फ्लू सहसा का लागत नाही

घरात कुणाला सर्दी झाली आणि दोन दिवसांनी कुत्रा शिंकायला लागला की ‘आपलीच लागली त्याला’ असं ठरूनच जातं, मग कुणी त्याच्या नाकाला हात लावून ताप आहे म्हणतं आणि कुणी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी पोळीत घालून देतं. नाकावरून ताप कळत नाही हो, उन्हात पडून राहिलं तरी नाक गरम-कोरडं होतं. त्याचं नॉर्मल टेंपरेचरच साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, शेपटीखालून थर्मामीटर लावून 103 च्या वर गेलं तर ताप म्हणायचा. आणि ती गोळी देऊच नका, तिने लिव्हर आणि रक्तातल्या लाल पेशींची वाट लागू शकते, आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

आता खरी मजा. फ्लूच्या व्हायरसवर एच नावाचं प्रथिन असतं, ते आपल्या पेशीवरच्या सायलिक ॲसिड नावाच्या साखरेला चिकटतं आणि मगच व्हायरस आत शिरतो. ही साखर गॅलेक्टोज नावाच्या दुसऱ्या साखरेला जोडलेली असते, आणि सगळा खेळ त्या जोडाचा आहे. सायलिक ॲसिडचा दुसऱ्या नंबरचा कार्बन गॅलेक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडला असेल तर साखळी बरीचशी सरळ राहते, सहाव्याला जोडला असेल तर वाकते. माणसाच्या नाक-घशात मुख्यतः 2-6 जोड, पक्षी, घोडा आणि कुत्र्याच्या श्वासनलिकेत मुख्यतः 2-3. म्हणजे 15 अँपियरचा प्लग 5 अँपियरच्या सॉकेटला लावायला जावं तसं, आपला फ्लू कुत्र्यात नीट बसत नाही. अगदीच नाही असं नाही, 2009 च्या स्वाइन फ्लूत मोजक्या कुत्र्यांना माणसांकडून लागण झाली होती, पण ती साखळी पुढे चालली नाही.

घोड्याचा मात्र बसला! एच3एन8 हा घोड्यांमध्ये 1963 पासून फिरणारा फ्लू, 2004 मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये सापडला, एच प्रथिनात मोजकेच बदल झाले होते आणि तेवढ्यावर तो कुत्र्याकडून कुत्र्याला जायला लागला. दुसरा एच3एन2, पक्ष्यांकडून आलेला, आधी कोरिया-चीनमध्ये, मग 2015 ला शिकागोत हजारावर कुत्री आजारी. या दोन्हींची माणसाला लागण झाल्याची एकही नोंद नाही, तेव्हा खोकला ऐकून कुत्र्याला रस्त्यावर सोडायचं काही कारण नाही (2020 मध्ये कोविडच्या अफवांवर लोकांनी तेच केलं, लाज वाटते). मांजरांना मात्र एच3एन2 होऊ शकतो.

लक्षणं म्हणजे दोन-तीन आठवडे टिकणारा खोकला, नाक वाहणं, ताप, खाणं कमी. पाचातल्या एकाला काहीच दिसत नाही तरी तो पसरवतो. पण नुसत्या लक्षणांवरून केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) की फ्लू की डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा व्हायरल आजार) हे डॉक्टरलाही सांगता येत नाही, नाकातल्या स्वॉबची पीसीआर लागते आणि तीही पहिल्या तीन-चार दिवसांत, नंतर व्हायरस सापडेलच असं नाही. आपल्याकडे आधी डिस्टेंपरची शंका घ्यावी, विशेषतः पिल्लू असेल आणि लस अर्धवट असेल तर. आणि सेव्हन-इन-वन या कुत्र्यांच्या एकत्रित लशीच्या लेबलवरचा पॅराइन्फ्लुएन्झा वेगळ्याच कुळातला व्हायरस आहे, ती लस फ्लू अडवत नाही. अमेरिकेत फ्लूची वेगळी लस मिळते, दोन डोस, तिकडे कुत्रा पाळणाऱ्या आपल्या लोकांकडे बोर्डिंगवाले बऱ्याचदा तिचं सर्टिफिकेट मागतात.

उपचार म्हणजे विश्रांती, पाणी, मऊ गरम जेवण आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), नाहीतर ओढलं की ढास लागते. अँटिबायोटिक द्यायचं ते वरून बॅक्टेरिया चढले तरच, ते डॉक्टर ठरवतील. लसणाचा काढा पाजू नका, लसूण-कांद्याने त्याच्या लाल पेशी फुटतात, दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीने निदान त्याचं काही बिघडत नाही. एच3एन2 ची शंका असेल तर 21 दिवस इतर कुत्र्यांपासून लांब. व्हायरस वस्तूंवर 48 तास, कपड्यांवर 24, हातावर 12 तासांपर्यंत टिकतो, पण त्याला चरबीचं आवरण असल्याने साध्या साबणाने मरतो. आणि पडल्या पडल्या धाप लागली, हिरड्या निळसर दिसल्या, किंवा पग-शिह त्झूसारखा चपट्या नाकाचा कुत्रा घरघरायला लागला तर सकाळची वाट बघू नका, तसंच उचलून न्या.