तुसाला रेझिन धरतं का?

भाताचं एक तूस चिमटीत धरून पाहा. बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. ही खरखर सिलिकाची, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्याची. वर मेणाचा पातळ थर, म्हणून पाण्याचा थेंब चटकन मुरत नाही. दाण्याच्या रक्षणासाठी ही सोय उत्तम. पण तुसात रेझिन, म्हणजे घट्ट होऊन कणांना बांधून ठेवणारं चिकट द्रव्य, मिसळून हलके फलक बनवायला बसलं की तीच आडवी येते. पाण्यात कालवलेलं युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन अशा पृष्ठभागावर नीट पसरतच नाही.

फलकात तुसासारखा टाकाऊ माल म्हणजे नुसती भर, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. फलकावर भार आला की तो रेझिनकडून कणाकडे जातो, आणि जातो तो दोघांच्या सांध्यातूनच. सांधा कच्चा असेल तर कण कितीही दणकट असून उपयोग नाही. म्हणून तूस कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून धुतात, की मेण निघून जातं. मग कडकडीत वाळवतात. ओल राहिली तर गरम प्रेसमध्ये तिची वाफ होते आणि फलकाला फोड येतात.

लाकडाच्या भुशाची गोष्ट जुनी आहे. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये बेकेलाइट हे कृत्रिम रेझिन बनवलं. ते मुळात ठिसूळ, पण लाकडाचं पीठ घातल्यावर टणक झालं.

हलकेपणासाठी मला सगळ्यात आवडते ती कोळशाची राख. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यावर काही कण तरंगत असतात: काचेसारख्या द्रव्याचे, आतून पोकळ, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे गोळे. त्यांना सेनोस्फिअर म्हणतात. पाण्याची घनता 1 मानून त्यांची 0.6 आणि इपॉक्सी या रेझिनची 1.2 धरली, तर निम्म्या-निम्म्या आकारमानाच्या मिश्रणाची 0.9 होते. असा ठोकळा पाण्यावर तरंगतो! काँक्रीटची घनता 2.4 च्या आसपास असते.

रेझिन मात्र जपूनच वापरावं. ते महाग असतं, बहुतेक प्रकार पेट घेतात, आणि एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधून सुटणारं फॉर्मल्डिहाइड तर कर्करोगकारक आहे; कमी उत्सर्जनाचं रेझिन निवडणं इथे अत्यावश्यक.

सांधा जमला की नाही, हे मोडलेल्या तुकड्यावर भिंग धरलं की कळतं. तुसं अख्खी उपटून आली असतील आणि मागे गुळगुळीत खळगे राहिले असतील, तर रेझिन धरलेलंच नव्हतं. तुसं मधोमध फाटली असतील, तर सांधा तुसापेक्षा बळकट निघाला.