तुरट ओक, गोड ओक आणि हरणाची वाट

बाळगुटीत उगाळलं जाणारं मायफळ हे खरं तर फळ नव्हे. इराण-तुर्कस्तानाच्या बाजूला वाढणाऱ्या एका ओक वृक्षाच्या डहाळीत इवलीशी गांधीलमाशी अंडं घालते, त्याभोवती झाड जी टणक गाठ धरतं ते मायफळ. महाराष्ट्राच्या रानात ओक उगवत नाही, तरी त्याची चव आपल्यातल्या अनेकांनी पाळण्यात असतानाच घेतलेली असते. जीभ आवळून टाकणारी ती तुरट चव टॅनिन या झाडातल्या द्रव्याची. अमेरिकेच्या पूर्व भागात, पेनसिल्व्हेनियापासून व्हर्जिनियापर्यंतच्या डोंगररानांत, ऑक्टोबरच्या पहाटे पांढऱ्या शेपटीचं हरीण कोणत्या झाडाखाली उभं असेल, हे ठरण्यात याच टॅनिनचा मोठा वाटा असतो. म्हणून तिथला जाणता शिकारी हरणाचा माग काढण्याआधी झाडं ओळखायला शिकतो.

ओकच्या फळाला एकॉर्न म्हणतात. साधारण सुपारीएवढं, गुळगुळीत, डोक्यावर खवल्यांची टोपी. अमेरिकेत ओकच्या सुमारे 90 जाती आहेत, पण रानात फिरणाऱ्या माणसाला दोनच घराणी आधी ओळखावी लागतात, पांढरा ओक आणि लाल ओक. पानाच्या कडेचे फुगवटे गोलसर असतील तर झाड पांढऱ्या घराण्यातलं. ते टोकदार असून टोकाला बारीक केस असेल तर लाल घराण्यातलं.

खरा फरक मात्र फळात आहे. पांढरा ओक वसंतात फुलतो आणि त्याच शरदात फळं टाकतो. लाल ओकचं फळ पिकायला दुसरा शरद उजाडावा लागतो. त्यामुळे सप्टेंबरात लाल ओकच्या फांदीवर दोन पिढ्या एकत्र दिसतात: यंदाच्या डहाळीवर मिरीच्या दाण्याएवढी बारकी फळं आणि गेल्या वर्षीच्या लाकडावर तयार झालेली. पांढऱ्याच्या फळात टॅनिन कोरड्या वजनाच्या साधारण अर्धा ते अडीच टक्के, लाल ओकमध्ये 6 ते 10 टक्के. म्हणून पांढऱ्याचं फळ जिभेला त्या मानाने गोड लागतं. लाल फळात मात्र चरबी दुप्पट किंवा त्याहून जास्त असते.

यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. पांढऱ्या ओकचं फळ जमिनीवर पडलं की काही दिवसांतच मूळ सोडतं. लाल ओकचं फळ अख्खा हिवाळा पाचोळ्याखाली निजून काढतं आणि वसंतात रुजतं. तेवढे महिने उंदीर, खारी, किडे यांच्यापासून वाचायचं तर अंगात तुरटपणा हवाच. खारींनाही हा फरक कळतो. पेनसिल्व्हेनियातले जीवशास्त्रज्ञ मायकेल स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करड्या खारींवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. पांढऱ्याचं फळ मिळालं की खार ते बहुधा तिथेच खाते, लाल फळ मात्र नेऊन पुरून ठेवते. पांढरं पुरायचंच झालं तर आधी दातांनी त्याचा गर्भ कुरतडून काढते, म्हणजे ते रुजणार नाही आणि साठा टिकेल.

हरणाला साठवण ठाऊक नाही. ते येतं आणि खातं. रवंथ करणाऱ्या जनावराला टॅनिनचा त्रास असा की ते अन्नातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून त्यांचं पचन अडवतं. हरणाच्या लाळेत यावर एक तोड आहे. तिथली खास प्रथिनं काही प्रकारच्या टॅनिनला तोंडातच बांधून टाकतात. गाईच्या लाळेत ही सोय नाही. फार एकॉर्न खाल्लेल्या गाई मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात, आणि त्याच झाडाखाली हरीण मात्र गुबगुबीत होतं. तरीही टॅनिन बांधायला प्रथिनं खर्ची पडतात, म्हणून गोड फळ समोर असताना हरीण तुरट फळाकडे सहसा वळत नाही.

यातूनच शिकाऱ्याचं वेळापत्रक तयार होतं. सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरात पांढऱ्या ओकखाली हरणं जमतात. पेनसिल्व्हेनियात धनुर्बाणाच्या शिकारीचे हे दिवस. ताज्या लेंड्या, चावून टाकलेली टरफलं आणि उकरलेला पाचोळा दिसला की शिकारी वाऱ्याची दिशा बघतो आणि आपला वास हरणाकडे जाणार नाही अशा बाजूला मचाण बांधतो. महिन्याभरात गोड फळं संपतात, उरलेली मूळ फुटून किंवा किडून जातात. नोव्हेंबरअखेरीस रायफलीचा हंगाम सुरू होतो तेव्हा पाचोळ्याखाली बऱ्याचदा लाल फळंच उरलेली असतात. हरणं तिकडे सरकतात, आणि जो शिकारी ऑक्टोबरातल्या मचाणावरच बसून राहतो तो रिकाम्या हाताने परततो. ‘हरीण लाल ओकला तोंड लावत नाही’ असं काही जण ठासून सांगतात, ते बरोबर नाही. बर्फाच्या तोंडावर त्या फळातली चरबीच हरणाला तगवते. घराण्याचा नियमही सगळीकडे चालत नाही. डोंगरमाथ्यावरचा चेस्टनट ओक पांढऱ्या घराण्यातला, पण त्याचं टपोरं फळ चांगलंच तुरट असतं.

आपल्याकडे धुकं आणि अवकाळी पावसाने आंब्याचा मोहोर गळतो, तसंच ओकचंही होतं. एप्रिल-मेच्या एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की फुलोरा करपतो. पांढऱ्या ओकवर त्याचा परिणाम त्याच शरदात दिसतो, लाल ओकवर पुढच्या वर्षी. म्हणजे वसंतातल्या एका थंड रात्रीनंतर गोड फळ एकही नाही आणि तुरट भरपूर, असा शरद येऊ शकतो. हे ज्याच्या लक्षात आहे तो त्या वर्षी पांढऱ्या ओकखाली वेळ घालवत नाही.

हवामान चांगलं असलं तरी ओक दरवर्षी सारखा फळत नाही. काही वर्षं जवळजवळ रिकामी जातात, मग एखाद्या वर्षी मैलोन्मैल सगळी झाडं एकदम लगडतात. कॅलिफोर्नियात वॉल्टर कोनिग आणि योहानेस नॉप्स यांच्यासारखे अभ्यासक 1980 पासून दर शरदात त्याच झाडांवरची फळं मोजत आले आहेत. एक स्पष्टीकरण असं की फळं न आलेल्या वर्षांत खाणारे कमी होतात आणि बहराच्या वर्षी ते कितीही खाल्लं तरी सगळं संपवू शकत नाहीत, त्यामुळे काही बिया वाचतात.

नवख्याला वाटतं, बहराचं वर्ष म्हणजे शिकार सोपी. होतं उलट. खाणं सगळीकडे पडलेलं असताना हरीण चालतं कशाला? ते झाडीतच राहतं, शेताच्या कडेला येत नाही, आणि हजारो झाडांखाली पांगलेलं असतं. फळ कमी असतं त्या वर्षी एकुलतं एक लगडलेलं झाड सापडलं तर सगळा कळप तिथेच भेटतो. वेस्ट व्हर्जिनियाचं वन्यजीव खातं म्हणूनच दरवर्षी रानातल्या फळांची पाहणी करतं आणि त्यावरून शिकारीच्या हंगामाचा अंदाज देतं.

भारतात 1972 च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे, त्यामुळे हे वाचताना आपलं मन कचरतं. तिथली परिस्थिती वेगळी आहे. 1900 च्या सुमारास बेसुमार शिकारीने ही हरणं काही लाखांवर आली होती. मग कडक कायदे झाले, 1937 पासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून संवर्धनाला पैसा मिळू लागला, आणि आज त्यांची संख्या 3 कोटींच्या आसपास आहे. पूर्वेकडच्या बहुतेक रानांतून लांडगा आणि कूगर (अमेरिकेतलं बिबट्यासारखं मोठं रानमांजर) मात्र नाहीसे झाले. हरणांची संख्या आवरायला आता मुख्यतः परवानाधारक शिकारीच उरला आहे.

आणि याचा भार ओकवर पडतो. शरदात हरीण फळं खातं, वसंतात त्यातूनच वाचून उगवलेली रोपं खातं. पेनसिल्व्हेनियात जुनी ओकची झाडं तोडल्यावर वनखातं पुष्कळदा त्या तुकड्याभोवती उंच तारेचं कुंपण घालतं. काही वर्षांनी तिथे गेलं की कुंपणाच्या आत कंबरेएवढे ओक उभे दिसतात, आणि बाहेर नेच्यांचा हिरवा गालिचा. नेचे हरणाला आवडत नाहीत, म्हणून तेवढेच शिल्लक राहिलेले असतात.